तीन कोटेशनांच्या पलीकडे

२०२५च्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या आकुर्डीत एक चमत्कारिक टंचाई होती. बजाजच्या इलेक्ट्रिक चेतक स्कूटरला गिऱ्हाईक होते, कारखाना सज्ज होता, कामगार पाळीवर येत होते. अडले ते मोटरच्या आत बसणाऱ्या चुंबकांपाशी. ४ एप्रिलला चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जगातली अशी सुमारे ९० टक्के चुंबके चीनमध्येच तयार होतात, त्यामुळे परवाना लांबला की माल थांबला. जुलैत चेतकचे उत्पादन कमी करावे लागले. ऑगस्टमध्ये एकही गाडी बाहेर पडणार नाही, अशी भीती कंपनीने उघडपणे बोलून दाखवली. ऑगस्टच्या उत्तरार्धात पुरवठ्याची सोय झाली आणि गाडे पुन्हा सुरू झाले. यात कोणाचा हलगर्जीपणा शोधण्यात अर्थ नाही. जगभरच्या वाहन कंपन्या त्याच रांगेत उभ्या होत्या. मात्र या घटनेत एक बाब डोळ्यांत भरते. स्कूटरच्या एकूण खर्चात या चुंबकांचा वाटा अगदी किरकोळ. बहुतेक वेळा ती वाहन कंपनी स्वतः विकतही घेत नाही. मोटर बनवणारा घेतो किंवा त्याला माल देणारा घेतो. रुपयांच्या उतरत्या क्रमाने लावलेल्या खरेदीच्या यादीत ज्या वस्तूचे नाव शेवटच्या पानावरही सापडले नसते, तिनेच कारखाना अडवला.

आपल्याकडच्या बहुसंख्य कंपन्यांत ‘परचेस’ हा विभाग याच रुपयांच्या यादीवर चालतो. मागणीचा कागद येतो, तीन कोटेशने मागवली जातात, सर्वांत कमी दर देणाऱ्याला अजून थोडे खाली ओढले जाते आणि पी.ओ. सुटते. वर्षाच्या शेवटी ‘किती वाचवले’ हा एकच आकडा साहेबांपुढे ठेवायचा. माझे म्हणणे असे, की ही पद्धत कंपनीच्या सर्वांत मोठ्या खर्चाला सर्वांत हलक्या हाताने वागवते. वाहन उद्योगात विक्रीच्या प्रत्येक रुपयातले साधारण ६५ ते ७५ पैसे बाहेरून घेतलेल्या मालावर आणि सुट्या भागांवर जातात. पगारांचा वाटा त्यापेक्षा कितीतरी कमी असतो. समजा, १०० रुपयांच्या विक्रीत ७० रुपये मालाचे आणि १० रुपये नफ्याचे. मालावरचा खर्च एक टक्क्याने खरोखर कमी झाला तर नफ्यात ७० पैशांची भर पडते. तेवढेच ७० पैसे जास्तीच्या विक्रीतून मिळवायचे तर विक्री ७ टक्क्यांनी वाढवावी लागेल. विक्री वाढवण्यासाठी कंपनी जाहिराती करते, नामांकित संस्थांतून माणसे घेते, महिन्याला आढावा घेते. मालाच्या बाजूला मात्र दर घासण्यात तरबेज असलेला एक अधिकारी आणि एक फायलींचे कपाट, एवढ्यावर भागवले जाते.

असे का झाले, याचे उत्तर पुण्याच्याच औद्योगिक इतिहासात आहे. १९६०च्या दशकात टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) पिंपरी-चिंचवडला पाय रोवले तेव्हा मोठ्या कारखान्याला पुरेल अशा दर्जाचा माल देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. म्हणून कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी आधी यंत्रे आणि साचे स्वतः बनवण्याची सोय उभारली, प्रशिक्षणशाळा काढली. पुण्यातून पहिला ट्रक बाहेर पडला तो १९७७ साली. जे बाजारात मिळत नाही ते आपण करायचे, हे त्या काळाचे धोरण होते आणि त्या काळी ते बरोबरही होते. दुसरीकडे परवाना राजवटीत किती गाड्या बनवायच्या हे दिल्ली ठरवत असे आणि बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. ग्राहक थांबायला तयार असला की कारखान्यालाही उशिरा आलेल्या मालाची फारशी झळ बसत नाही. शिवाय पोलाद, आयात परवाने, परकीय चलन या सगळ्यांवर सरकारचा अंमल असल्याने ‘खरेदी’ म्हणजे मुख्यतः कागद पुढे सरकवणे असाच अर्थ रूढ झाला. १९९१ नंतर परवाने गेले, स्पर्धा आली, ग्राहक दुसऱ्या शोरूममध्ये जाऊ लागला. पण परचेस विभागाची घडण आणि कंपनीतली त्याची पायरी पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली.

हे दुखणे केवळ आपले नाही. १९८३ साली मॅकिन्झी या सल्लागार संस्थेतल्या पीटर क्रॅलिच यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लेख लिहिला, खरेदीचे आता पुरवठा-व्यवस्थापन झाले पाहिजे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. तेलाच्या धक्क्यांनी हादरलेल्या युरोपातल्या कंपन्या त्यांच्या नजरेसमोर होत्या. त्यांची मांडणी साधी होती. प्रत्येक वस्तूबद्दल दोन प्रश्न विचारा: हिचा नफ्यावर किती परिणाम होतो? आणि ही मिळेनाशी होण्याचा धोका किती? नट-बोल्ट, कागद, हातमोजे यांत दोन्ही कमी. तिथे वेळ दवडू नका, वर्षाचा करार करून मोकळे व्हा. पत्र्यासारख्या मालावर पैसा मोठा, पण देणारे अनेक. तिथे घासाघीस जरूर करा. जिथे पैसाही मोठा आणि देणारेही एक-दोन, तिथे घासाघीस कुचकामी ठरते, भागीदारीसारखे नाते लागते. चौथा गट सर्वांत फसवा: पैसा थोडा, धोका मोठा. मोटरमधले चुंबक याच गटात बसते. तीन कोटेशनांची पद्धत या चारही गटांना एकाच मापाने मोजते, म्हणून दुसऱ्या गटात ती कामाची ठरते आणि बाकीच्या तिन्हींत एक तर वेळ खाते किंवा घात करते.

दर आणि किंमत यांतला फरक एका भागावरून पाहू. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेले एक कास्टिंग घ्या. ते टेम्पोने भोसरीच्या कारखान्यात येते, तिथे मशिनिंग होते आणि तयार भाग चाकणला लाइनवर जातो. जुन्या फाउंड्रीचा दर नगाला १०० रुपये, नव्याने कोटेशन दिले ९४चे. महिन्याला १०,००० नग म्हणजे ६०,००० रुपयांची बचत, वर्षाला ७ लाख २० हजार. परचेस अधिकाऱ्याच्या मूल्यमापनात हा आकडा ठळकपणे चढतो. आता असे समजू की नव्या मालात १०० पैकी ३ नगांत ब्लोहोल (धातूतली पोकळी) निघतात, तेही मशिनिंग झाल्यावर. कास्टिंगचे पैसे डेबिट नोट काढून वळते होतात, पण त्यावर केलेल्या मशिनिंगचे नगाला ६० रुपये बुडतात: ३०० नगांचे १८,०००. माल निवडून घेण्यासाठी कंत्राटी इन्स्पेक्टर दोन, महिन्याचे ३६,०००. महिन्यातून दोनदा माल वेळेवर पोहोचत नाही, मग कोल्हापूरहून स्पेशल टेम्पो, खेपेला १२,००० धरले तरी २४,०००. बेरीज ७८,०००. म्हणजे ६०,००० वाचवण्यासाठी ७८,००० गेले, आणि चाकणची लाइन एकदाही थांबली नाही असे धरून हा हिशेब आहे. गंमत अशी, की हे ७८,००० कुठेही एकत्र दिसत नाहीत. मशिनिंगचे नुकसान उत्पादनाच्या खात्यात, इन्स्पेक्टर क्वालिटीच्या, टेम्पो वाहतुकीच्या. बचतीला धनी एक, खर्चाला तीन. त्यामुळे पुढच्या वर्षीही हीच फाउंड्री, बहुधा ९२ रुपयांना.

या चक्रातून बाहेर पडता येते, हे पुण्याच्याच दोन मोठ्या कंपन्यांनी दाखवले आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी स्कूटरचा बाजार ओसरला, मोटरसायकलींत स्पर्धक पुढे गेले आणि बजाज ऑटोला आपल्या कामाची फेरमांडणी करावी लागली. पल्सर २००१ची, पण तिच्या आगेमागे पुरवठ्याच्या बाजूला जे झाले त्याची चर्चा कमी होते. तोवर कंपनीला माल देणाऱ्यांची संख्या ८००च्या पुढे होती. काही वर्षांत ती २००च्या आसपास आणली गेली. उरलेल्यांना जास्त काम मिळाले, बरेच सुटे भाग जोडलेल्या संचाच्या रूपात येऊ लागले आणि व्हेंडरांची संघटना बांधून टीपीएम ही यंत्रदेखभालीची जपानी शिस्त त्यांच्या शॉपफ्लोअरपर्यंत नेण्यात आली. टाटा मोटर्सला २०००-०१ या वर्षात ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला, तेव्हा खर्चाची प्रत्येक बाब पुन्हा तपासली गेली. त्या तपासणीतून जो विचार मुरला त्याचे फळ म्हणजे मे २००५चा ‘एस’ हा छोटा ट्रक. गिरीश वाघ यांच्या चमूने आधी ग्राहकाला परवडेल ती किंमत गृहीत धरली आणि मग गाडी त्या किमतीत बसवली. इंडिकाच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनावरून दोन सिलिंडरचे इंजिन बेतले गेले, आणि भाग देणाऱ्यांना आराखड्याच्या टप्प्यावरच चर्चेत घेतले. मुद्दा इथे आहे. भागाचा बराचसा खर्च ड्रॉइंगवर सही होते त्या क्षणी ठरलेला असतो: धातू कोणता, भिंत किती जाड, टॉलरन्स किती घट्ट. त्यानंतर परचेसकडे उरते ती शेवटच्या चार-पाच टक्क्यांची ओढाताण. पुरवठ्याची जाण असलेला माणूस डिझाइनच्या टेबलावर बसला, तर ‘हा कोपरा थोडा गोल ठेवलात तर साचा एक कमी लागेल’ हे वेळेवर कळते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: देणारे कमी केले की अवलंबित्व वाढते, आणि एकाच्या घरी आग लागली की आपली चूल विझते. असे घडलेलेही आहे. १ फेब्रुवारी १९९७ला जपानमधल्या कारिया इथे आयसिन कंपनीच्या कारखान्यात आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सर्वस्वी तिथूनच येत असे आणि टोयोटाकडे त्याचा साठा काही तासांचाच होता. टोयोटाचे कारखाने पटापट बंद पडले. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. ड्रॉइंग वाटली गेली, अनेक पुरवठादारांनी, अगदी शिवणयंत्रे बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेसुद्धा, हाताशी होती ती यंत्रे लावून व्हॉल्व्ह करायला घेतले आणि आठवड्याभरात उत्पादन सावरू लागले. दर घासून दुरावलेले व्हेंडर अशा वेळी आधी ॲडव्हान्स मागतात. यातून दोन धडे निघतात. एक, देणारे कमी असणे आणि एकच असणे यांत फरक आहे. धोक्याच्या वस्तूला दुसरा स्रोत तयार ठेवावाच, त्यासाठी टूलिंगचा दुप्पट खर्च झाला तरी. दोन, नाते हेही राखीव साठ्यासारखे असते. याच आक्षेपाला एक पोटप्रश्न आहे: यादीतून गळालेल्या शेकडो लघुउद्योजकांचे काय? काही बंद पडले असतील, काही दुसऱ्या कामांकडे वळले. पुष्कळसे मोठ्या व्हेंडरच्या हाताखाली जॉबवर्क करू लागले, म्हणजे दुसऱ्या पायरीवर गेले. हे झळ सोसल्याशिवाय झालेले नाही, आणि त्यामुळेच मूळ कंपनीने पहिल्या पायरीपाशी नजर थांबवणे आता चालणार नाही. संकट बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरूनच वर चढते.

दुसरा आक्षेप हिशेबनिसांचा: साठा म्हणजे अडकलेला पैसा, मग धोक्याच्या नावाखाली गोदामे भरायची का? सरसकट नाही. पण कोणत्या वस्तूचा साठा ठेवायचा आणि कोणती वस्तू मुळातच आपल्या आवाक्यात आणायची, हे ठरवणे हाच पुरवठा-व्यवस्थापनाचा गाभा आहे. सीरम इन्स्टिट्यूटचे उदाहरण पाहा. १६ एप्रिल २०२१ला सीरमचे प्रमुख अदर पूनावालांनी थेट अमेरिकेच्या अध्यक्षांना उद्देशून ट्विट केले, की कच्च्या मालाच्या निर्यातीवरची अडवणूक उठवा. अडकले होते फिल्टर, प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या पिशव्या असला माल; कोणाच्या डोळ्यांपुढे लस म्हटल्यावर पिशवी येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीरमने औषधांच्या कुप्या बनवणाऱ्या शॉट कैशा या कंपनीतला ५० टक्के हिस्सा घेतल्याचे जाहीर झाले. लस कितीही असली तरी काचेच्या कुपीविना ती दवाखान्यात पोहोचत नाही, हे ज्याला ठाऊक असते तो कुपीच्या दरावर थांबत नाही, कुपीच्या कारखान्यापर्यंत जातो. प्रत्येक कंपनीला हे परवडणार नाही. परंतु आपली ‘कुपी’ कोणती, हे ओळखायला पैसा लागत नाही.

तिसरा आक्षेप सहसा हळू आवाजात घेतला जातो. व्हेंडरशी दीर्घ नाते म्हणजे दिवाळीचे डबे, मुलाच्या लग्नातले पाकीट आणि मग दरात मुरलेले कमिशन. तीन कोटेशनांचा नियम निदान तेवढा पहारा तरी देतो. हा पहारा किती खरा, हे एमआयडीसीतल्या कुणालाही विचारावे. तिन्ही कोटेशने एकाच कॉम्प्युटरवर टाइप झालेली असू शकतात आणि फाइल मात्र स्वच्छ दिसते. भ्रष्टाचाराला अडवायचे तर दर कसा बनला हे समजले पाहिजे: धातूचे वजन, त्याचा बाजारभाव, यंत्राचा तास, रिजेक्शन, वाहतूक, नफा. असा खर्चाचा तक्ता दोघांपुढे उघडा असेल तर पाकिटाला जागा उरत नाही, आणि पोलाद महागले की व्हेंडरला हात जोडत फिरावे लागत नाही. व्हेंडर निवडणारा, मालाला पास करणारा आणि बिल मंजूर करणारा ही तीन वेगळी माणसे असावीत, दर काही वर्षांनी जागा बदलाव्यात, हे त्याच्या जोडीला आलेच.

विश्वासाची खरी परीक्षा मात्र पेमेंटच्या तारखेला होते. २००६च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. कायदा असूनही ९० आणि १२० दिवसांची उधारी चालतच राहिली, कारण बड्या ग्राहकावर दावा ठोकणे म्हणजे पुढची ऑर्डर घालवणे. म्हणून आयकर कायद्यात दुरुस्ती करून २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून दाखवता येत नाही, असे झाले. बिलांवर आधीच रोख मिळवून देणारे ट्रेड्स हे ऑनलाइन व्यासपीठ आहे. त्यावर नोंदणीचे बंधन पूर्वी ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना होते, ते आता २५० कोटींवर आले आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा साधा हिशेब पटावा. मोठ्या कंपनीला कर्ज स्वस्तात मिळते, भोसरीतल्या शेडला महागात. छोट्याचे बिल तीन महिने रोखून कंपनी महाग व्याजाचा भार त्याच्यावर टाकते. तो शहाणा असेल तर तेच व्याज पुढच्या कोटेशनमध्ये मिसळतो, आणि नसेल तर एके दिवशी शटर ओढतो. दोन्हींत नुकसान परत कंपनीच्याच दारात येते.

उरला शेवटचा प्रश्न: हे सगळे बड्यांचे खेळ, चाळीस माणसांच्या कारखान्याने काय करायचे? त्याला वेगळा विभाग नको, सल्लागारही नकोत. एक वही पुरेल. आपण काय-काय घेतो यातल्या पहिल्या वीस वस्तू रुपयांप्रमाणे, आणि दुसऱ्या पानावर ज्या वस्तूंना एकच देणारा आहे त्या सगळ्या, मग ती शंभर रुपयांची का असेना. प्रत्येकीसमोर माल यायला किती दिवस लागतात, गेल्या सहा महिन्यांत किती वेळा उशीर झाला, किती माल परत गेला. तपासणीची महागडी उपकरणे परवडत नसतील तर चिंचवडच्या ऑटो क्लस्टरसारख्या सामायिक सोयी आहेत. १९३४पासून पुण्यात काम करणाऱ्या मराठा चेंबरसारख्या संस्थेकडे कायद्याचे आणि प्रशिक्षणाचे साहाय्य मिळू शकते. मालक स्वतःच परचेस पाहतो, ही छोट्या कंपनीची अडचण समजली जाते. खरे तर ती तिची जमेची बाजू आहे, कारण दर, दर्जा आणि उशीर हे तिन्ही आकडे तिथे एकाच डोक्यात असतात. मोठ्या कंपनीला हे तिन्ही एकत्र आणण्यासाठी यंत्रणा उभारावी लागते.

त्या यंत्रणेचा आरंभ बदलीच्या आदेशाने किंवा पाटी बदलून होत नाही. विभागाच्या दारावर ‘सप्लाय चेन’ लिहून आत तीच तीन कोटेशने मागवणाऱ्या कंपन्या कमी नाहीत. बदल होतो तो मासिक बैठकीत काय विचारले जाते त्यावरून. परचेसच्या प्रमुखाने फक्त वाचवलेली रक्कम सांगायची असेल तर तो ९४ रुपयांची फाउंड्री शोधत राहील, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपण ज्याचे माप घेतो तेच तो आणून देणार. त्याच बैठकीत रिजेक्शन, स्पेशल टेम्पो आणि निवडणीचा खर्च त्याच्या दरात मिळवून मांडला गेला, डिझाइनचा माणूस शेजारी बसला आणि ‘या महिन्यात एकच स्रोत असलेल्या वस्तू किती कमी झाल्या’ असा प्रश्न आला, तर वर्षभरात त्याच माणसाचे काम बदललेले दिसेल. चीनच्या निर्णयावर आकुर्डीचा ताबा नाही, पुढेही नसेल. आपली कोणती वस्तू कुठल्या देशातल्या कुठल्या परवान्याला टांगलेली आहे, हे मात्र एप्रिल उजाडण्याआधी वहीत लिहिलेले असू शकते. त्या ओळीची किंमत यादीत चार आकडी असेल. तिच्यासाठी दुसरा स्रोत शोधायला लागणारे महिने मात्र त्या ओळीपाशी थांबल्यावरच मिळतात.